तिसरा मजला मोकळा आहे

६ मे २००७, रविवार. वॉटफर्ड

या वहीची पुढची बाजू परीक्षेच्या नोट्ससाठी आहे आणि मागची माझ्यासाठी. प्रणवला माझं अक्षर लागत नाही, त्यामुळे लपवून ठेवायची गरज नाही.

काल बाबा आले, म्हणजे माझे सासरे. मार्चमध्ये आई गेल्या तेव्हापासून प्रणवनं धोशाच लावला होता, सहा महिने तरी या म्हणून. हीथ्रोवर बाहेर आले ते कडक इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन. वीज मंडळातून निवृत्त झाल्यापासून ते नाशिकला त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, आणि ते विमानातून उतरले तरी सेक्रेटरीच दिसत होते.

बॅगा उघडल्या. चिवडा, मेतकूट, आमच्या लेकीसाठी, तनूसाठी, परकर-पोलकं (तिला आता होणार नाही). हँडबॅगेत सगळ्यात वर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या आईंच्या चपला निघाल्या. टाच दुखायची म्हणून डॉक्टरांनी सांगितलेल्या, काळ्या, मऊ तळव्याच्या. डावी टाच पार झिजलेली. एकट्या पुरुषानं सामान भरलं की असंच काहीतरी चुकून येतं. मी त्या बिनमध्ये टाकायला निघाले तर म्हणाले, "असू देत गं. बाहेर ठेव." ठेवल्या दाराबाहेर, पायपुसण्याजवळ.

त्यांनी इथेच कायम राहावं असं प्रणवला वाटतं. पासष्टीच्या पुढच्या एकट्या वडिलांना तसं राहता येतं, पण त्यांच्यासाठी पुरेशी जागा आहे हे दाखवावं लागतं. सध्या ते हॉलमध्ये सोफाबेडवर झोपतात. म्हणजे मोठं घर हवं, त्यासाठी माझी बढती हवी आणि बढतीसाठी ही परीक्षा. बाबांना विचारलं तर म्हणतात, "बघू."

१५ मे, मंगळवार

माझी नोकरी काय आहे हे बाबांना आज नीट कळलं. इमारतींची देखभाल करणाऱ्या कंपनीत मी ऑफिस असिस्टंट आहे. लोक फोन करतात, लिफ्ट बंद आहे, छत गळतंय. मी ते लिहून घेते आणि मॅनेजरला देते. आमची स्वतःची बिल्डिंगही आमच्याच कंपनीकडे आहे, त्यामुळे आमची लिफ्ट बंद पडली की मी मलाच फोन करते. परीक्षा पास झाले तर हेलन, म्हणजे माझी बॉस, मला मॅनेजर करणार आहे.

बाबांनी माझं पुस्तक चाळलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा उजळला. "अगं, हे तर सगळं आमचंच! सर्व्हिस चार्ज म्हणजे मेंटेनन्स. कॉमन पार्ट्स म्हणजे जिना, लिफ्ट, पॅसेज. नुसते शब्द साहेबी आहेत." तेव्हापासून माझी तोंडी परीक्षा सुरू झाली आहे. मी पोळ्या लाटते आणि ते ओट्याशी उभे राहून विचारतात, "छताची मोठी दुरुस्ती काढायची असेल तर आधी काय करशील?" "रहिवाशांना कळवून त्यांची मतं मागवीन." "लेखी!" "हो, लेखी." "मग ते बोल ना."

२ जून, शनिवार

सकाळी उठल्यावर बाबा आधी दार उघडून कॉरिडॉरमध्ये जातात. तिथे काय करतात ते आज बघितलं. आईंच्या चपला हातानं पुसतात आणि पायपुसण्याच्या डाव्या अंगाला, दाराकडे तोंड करून ठेवतात. शू-रॅकमध्ये जागा आहे, तरी त्यात ठेवत नाहीत. वयानं माणसाला अशा खोड्या लागतात.

संध्याकाळी तनू म्हणाली, "मम्मा, आजोबांनी सांगितला, आजीचा चप्पल बाहेर असला ना, so आजी घरात आहे."

सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यात काय भरवतात हे! घाबरली तर? प्रणवला म्हटलं, तू बोल त्यांच्याशी. तो लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाला, "लेट हिम बी, ऋजू. प्लीज." म्हणजे बोलणार नाही. ह्या घरात अवघड बोलणी सगळी माझ्या वाट्याला.

२४ जून, रविवार

पाऊस थांबायचं नाव नाही. चार माणसं एका हॉलमध्ये.

इथे खरं लिहायचं असं ठरवलंय, तर लिहिते. मला बाबा कायमचे नको आहेत. चांगले आहेत, त्रास देत नाहीत, पण मला माझा सोफा हवा आहे. ऑफिसमधून आल्यावर कोणी "आज उशीर झाला?" न विचारता चहा प्यायचा आहे. आणि ज्या गोष्टीसाठी मी रोज पुस्तकात डोकं घालून बसते ती मला नकोच असेल तर हा सगळा खटाटोप कशाला, हेही कळत नाही. आई असत्या तर त्यांना सांगितलं असतं. त्या म्हणाल्या असत्या, "अगं, मलाही ते दिवसभर घरात नको व्हायचे, म्हणून तर सोसायटीत धाडलं." त्या हसायच्या तेव्हा पदर तोंडाला लावायच्या. आज खूप आठवण आली.

१४ जुलै, शनिवार

सराव परीक्षेत आगीच्या सुरक्षिततेच्या प्रश्नात माती खाल्ली. लिहिलं होतं की कॉरिडॉरमध्ये कुणी कुंड्या ठेवल्या असतील तर आधी भेटून समजावून सांगावं, म्हातारं माणूस असेल तर आणखी थोडे दिवस द्यावेत. शिकवणाऱ्या बाईंनी शेरा मारला: कॉरिडॉर हा सुटकेचा मार्ग आहे, तो मोकळाच हवा, इथे सवलत नाही.

रडकुंडीला येऊन घरी आले. बाबांनी पेपर वाचला, चष्मा काढून ठेवला. "परीक्षेत आपलं मत लिहायचं नसतं. पुस्तकाचं लिहायचं. आपलं मत बढतीनंतर." मग स्वतः उठून चहा केला, आलं किसून. मला आणून दिला आणि खिडकीशी जाऊन उभे राहिले, मी पिताना बघायला नको म्हणून. माझ्या वडिलांनी मला कधी चहा करून दिल्याचं आठवत नाही.

२२ जुलै, रविवार

शेजारच्या मिसेस डॉसनबाईंची आणि बाबांची दोस्ती झाली आहे. त्यांच्या दारात जिरॅनियमच्या कुंड्या आहेत, त्यांना बाबा पाणी घालतात. त्या इंग्रजीत बोलतात, हे अर्धं मराठीत. दोघंही एकटे, दोघांचंही ऐकू येणं बेताचं. छान जमतं.

जेवताना प्रणवनं पुन्हा विषय काढला. मी भाजी वाढत होते. बाबा म्हणाले, "राहीन म्हणतो."

प्रणवचा घास हातातच राहिला. "खरंच बाबा?"

"लागलंय आता घर. आम्हाला." मग तनूकडे बघून, "हिला रोज शाळेत कोण सोडणार?"

आणि माझ्या डोळ्यांत पाणी! मलाच नवल वाटलं. महिन्यापूर्वी मागच्या पानावर काय लिहिलंय ते वाचून लाज वाटली, पण खोडत नाही. आता पास व्हायचंच.

३० जुलै, सोमवार. ऑफिस, लंच अवर

हेलन म्हणाली, सरावासाठी एका बिल्डिंगची पाहणी कर आणि खरा असावा तसा रिपोर्ट लिही. मी आमचीच निवडली. काल वही घेऊन सगळे मजले फिरले. बाबा माझ्या मागून हात पाठीशी बांधून, इन्स्पेक्टरसारखे. पहिल्या मजल्यावर सायकली, दुसऱ्यावर बाबागाडी आणि मोडकं कपाट, तिसऱ्यावर डॉसनबाईंच्या कुंड्या, तनूची स्कूटर आणि आमचा शू-रॅक. लिहिलं: कॉरिडॉरमधलं सगळं खाजगी सामान रहिवाशांनी आत घ्यावं, ठरलेल्या दिवशी उरलेलं सामान उचलून टाकलं जाईल. कोणालाही सवलत नाही.

हेलनला रिपोर्ट इतका आवडला की म्हणाली, नुसता सराव कशाला, हे करूनच टाकू. नोटीस माझ्या सहीनं लागणार! चौदा तारखेला सफाईवाले येतील.

८ ऑगस्ट, बुधवार

नोटीस लागली. बाबांनी खाली लॉबीत जाऊन चष्मा लावून दोनदा वाचली. "मराठीत असती तर मला वाटलं असतं मीच लावली. 'जिन्यात सामान ठेवू नये, हुकमावरून.' किती वर्षं लावली मी ही." सुनेचं नाव बोर्डावर बघून माणूस खूश. डॉसनबाईंना त्यांनी खुणा करून सगळं समजावलं आणि त्यांच्या कुंड्या स्वतः उचलून त्यांच्या बाल्कनीत नेऊन ठेवल्या.

१३ ऑगस्ट, सोमवार

बाबांनी आणि मी आमचं आवरलं. स्कूटर, छत्र्यांचा डबा, शू-रॅक, पायपुसणंसुद्धा आत. आता आमच्या दारात चपलांशिवाय काही नाही. ज्या बाईनं नोटीस काढली तिचंच दार अस्ताव्यस्त असायला नको. उद्या मी ऑफिसातून परस्पर क्लासला जाईन, नंतर येऊन फोटो काढीन.

१४ ऑगस्ट, मंगळवार

झालं! तिन्ही मजले आरशासारखे. सकाळी सफाईवाले येऊन गेले. घरी आल्या आल्या पहिल्या मजल्यापासून फोटो काढत वर आले. तिसऱ्या मजल्याचा फोटो सगळ्यात छान आला आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं निळं कार्पेट. हेलनला पाठवले. तिचं उत्तर लगेच आलं, "मॉडेल जॉब, ऋजुता!"

बाबांना फोटो दाखवले. "छान," म्हणाले. जेवले नाहीत, पोट ठीक नसावं. त्यांचे मोजे बाथरूममध्ये सापडले, चिंब भिजलेले, तळवे काळे झालेले. दिवसभर पाऊस होता. म्हटलं, "बाबा, मोज्यांवर खाली जात जाऊ नका हो, पाय घसरला तर?" त्यांनी मान हलवली.

१५ ऑगस्ट, बुधवार

बाबा गप्प. आज झेंडावंदन असतं ना, सोसायटीत तेच झेंडा लावायचे. आठवण येत असणार. मी गोड शिरा केला. दोन चमचे खाल्ला.

१९ ऑगस्ट, रविवार

तोंडी परीक्षा बंद पडली आहे. मी म्हटलं, "बाबा, विचारा ना काहीतरी." म्हणाले, "तुला सगळं येतं आता." एरवी ऐकायला गोड वाटलं असतं.

सकाळी मी उठले तर ते दार उघडून उंबऱ्याशी उभे होते. कॉरिडॉरकडे बघत. "काय हवंय, बाबा?" "काही नाही. सवयीनं." दार लावून घेतलं.

तनू विचारत होती, आजोबा रागावलेत का. मी म्हटलं, तू त्यांची कॅडबरी खाल्लीस म्हणून. ती रडायलाच लागली. मला धड गंमतही करता येईना झालीय.

२५ ऑगस्ट, शनिवार

लिफ्टमध्ये डॉसनबाई भेटल्या. म्हणाल्या, तुझे सासरे बरे आहेत का? त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

कुठल्या दिवशी?

त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. सफाईवाल्या पोरानं आमच्या दारातून काहीतरी उचलून गोणीत टाकलं आणि तो निघून गेला. थोड्या वेळानं बाबांनी दार उघडलं. खाली बघितलं आणि लिफ्टसाठी थांबलेच नाहीत, मोज्यांवर जिना उतरून धावले. डॉसनबाई आपल्या दारातून हे बघत होत्या, मग खिडकीशी गेल्या. गाडी वळणावर पोहोचली होती. बाबा भर पावसात रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभे होते, आणि गाडी दिसेनाशी झाल्यावरही बराच वेळ तसेच उभे होते. "काही मौल्यवान होतं का गं?" त्यांनी मला विचारलं.

मी घरात न शिरता कॉरिडॉरमध्येच उभी राहिले. दाराच्या डाव्या अंगाला, पायपुसण्याची जागा. चौदा तारखेचा फोटो मी किती जणांना दाखवला असेल! त्यात आमचं दार अगदी पुढे आहे. त्या फोटोत काय नाही हे मला अकरा दिवस दिसलं नाही.

२७ ऑगस्ट, सोमवार. बँक हॉलिडे

परवापासून फोन करतेय. सफाईवाल्याच्या मुकादमानं शांतपणे सांगितलं, सामान त्याच दिवशी टिपवर, म्हणजे कचरा डेपोत गेलं, दाबून पुरलंही गेलं असेल. "चपला?" त्यानं विचारलं. "नव्या होत्या?"

आज प्रणव तनूला घेऊन पार्कमध्ये गेल्यावर बाबांसमोर जाऊन बसले. शेवटी म्हटलं, "बाबा, तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तू फोटो दाखवत होतीस," म्हणाले. "किती आनंदात होतीस."

मी रडायला लागले. ते उठून माझ्या शेजारी बसले. "नोटीस बरोबर होती तुझी. सगळं सामान, लिहिलं होतंस. मी दोनदा वाचली होती. पण चपला म्हणजे सामान, हे माझ्या डोक्यातच आलं नाही गं. आमच्याकडे जिना रिकामा करायचा म्हणजे चपला सोडूनच. माणसं घरात असली की चपला दारात असणारच."

"माझ्याही नाही आलं, बाबा." आणि हे खरं आहे. मीच मागच्या पानावर लिहून ठेवलंय, चपलांशिवाय काही नाही म्हणून.

"म्हणून तर. चूक कोणाचीच नाही." मग म्हणाले, "मी आत बसून पेपर वाचत होतो. आवाजही आला मला बाहेर. म्हटलं, ऋजुताचं काम चाललंय, मध्ये कशाला जा. ती दारातून गेली आणि मी आत पेपर वाचत होतो. तेव्हाही तसंच झालं होतं. मार्चमध्ये. ती आतल्या खोलीत आणि मी बाहेर पेपर वाचत होतो."

हे त्यांनी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. प्रणवलासुद्धा नाही.

२ सप्टेंबर, रविवार

बाबांनी परतीचं तिकीट पक्कं केलं, सहा ऑक्टोबर. प्रणव चिडला. "बाबा, सगळं ठरलं होतं! ऋजू परीक्षा कशासाठी देतेय?" बाबा म्हणाले, "स्वतःसाठी दे म्हणावं तिला." मग मला म्हणाले, "राग नाही हं माझा. पण इथे आता सकाळी दार उघडलं की काय करायचं ते कळत नाही."

मी प्रणवला सगळं सांगितलं. तो बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसला. आई गेल्यावरही तो असाच बसला होता.

वॉटफर्डमधली चपलांची सगळी दुकानं पालथी घातली. मला माहीत आहे उपयोग नाही, तरी पालथी घातली.

१९ सप्टेंबर, बुधवार. लंडनहून येताना, ट्रेनमध्ये

पेपर झाला. निघताना बाबांनी हातावर दही ठेवलं. चौथा प्रश्न: एका रहिवाशानं नोटीस मिळूनही कॉरिडॉरमध्ये वस्तू ठेवल्या आहेत, तुम्ही काय कराल?

मी पुस्तकाचं मत लिहिलं. पानभर. हात एकदाही अडला नाही.

७ ऑक्टोबर, रविवार

काल बाबांना सोडून आलो. हीथ्रोवर तोच शर्ट, तसंच पेन. तनू त्यांच्या पायाला मिठी मारून बसली होती, सोडवावी लागली. आत जाताना त्यांनी वळून हात केला नाही. हँडबॅग छातीशी धरली होती, येताना धरली होती तशीच. आत फक्त वर्तमानपत्र होतं.

सोफा मोकळा झाला. मला हवा होता तसा.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

पास. पत्र आलं. चौथ्या प्रश्नात सगळ्यात जास्त मार्क. हेलननं मिठी मारली. जानेवारीपासून मी मॅनेजर, आमची बिल्डिंगही माझ्याच वाट्याला.

नाशिकला फोन केला. बाबांनी मार्क विचारले, प्रत्येक प्रश्नाचे वेगळे. "शाब्बास. पेढे वाटतो सोसायटीत." मी म्हटलं, "बाबा, आता मोठं घर घेता येईल. जमिनीलगतचं बघू, स्वतःचं दार असलेलं. तिथे कोणाची नोटीस नाही. या ना."

"बघू," म्हणाले. आणि पुढे, "नवीन जोडी आणली मी. त्याच दुकानातून, त्याच मापाची. ठेवतो दारात."

"मग?"

"नवीच दिसते गं ती. टाच झिजवायला माणूस लागतं."

८ जानेवारी २००८, मंगळवार

मॅनेजर म्हणून आमच्या बिल्डिंगची पहिली पाहणी. पहिला मजला मोकळा. दुसऱ्यावर बाबागाडी, उद्या बोलते. तिसऱ्यावर वळले आणि थांबले.

आमच्या दारात, डाव्या अंगाला, बाबांच्या सपाता होत्या. इथे मार्केटमध्ये घेतलेल्या, चौकटीच्या कापडाच्या. जाताना राहून गेल्या असं मला वाटलं होतं आणि मी त्या कपाटात टाकल्या होत्या. तनू शाळेत जाताना त्या बाहेर ठेवून गेली होती, दाराकडे तोंड करून. ती रोजच ठेवत असणार. प्रणवबरोबर माझ्या आधी घरी येते आणि मी येण्याआधी आत घेते.

मी खाली वाकले. उजव्या सपातेची टाच थोडीशी झिजली होती.

पेन काढलं आणि रिपोर्टवर लिहिलं: तिसरा मजला, मोकळा आहे. खाली सही केली. मग त्या सपातांच्या शेजारी माझे बूट काढून ठेवले आणि घरात गेले.